गोळी तीच, शरीर पंचाहत्तरीचं

आमची आत्या पंचवीस वर्षं रात्रीच्या जेवणानंतर झोपेची एक गोळी घ्यायची. अल्प्राझोलाम, पाव मिलिग्रॅम. आतोबा गेले तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पंधरा दिवस सरले, गोळी राहून गेली. कधी त्रास झाला नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. मग ७९व्या वर्षी एका पहाटे ती लघवीला उठली, मोरीच्या उंबऱ्याशी तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "अगं, गोळी तीच, कंपनी तीच. इतक्या वर्षांत काही झालं नाही, ते आत्ताच कसं होईल?"

मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, पण आत्याच्या डब्यातल्या गोळीशी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. ते मनाला लागलं, म्हणून हे लिहायला घेतलं. यात आजारांबद्दल कमी आणि धडधाकट म्हातारपणाबद्दल जास्त आहे. कुठलाही मोठा आजार नसला तरी वय वाढलं की शरीर औषधाशी वेगळं वागू लागतं, आणि ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

शरीराची गंगाजळी

तरुण शरीरात बहुतेक अवयवांकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद शिल्लक असते. म्हणून तर निरोगी माणूस एक मूत्रपिंड दान करून उरलेल्या एकावर पुढचं आयुष्य नीट काढू शकतो. ही शिल्लक म्हणजे शरीराची गंगाजळी. तिशी-चाळिशीनंतर ती थोडी थोडी खर्ची पडायला लागते. रोजचा संसार चालू असतो, त्यामुळे तिजोरी रिकामी होतेय हे कळत नाही. पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला जातात, पेपर वाचतात, भाजी निवडून आणतात, सगळं ठीक दिसतं. मग दोन दिवस जुलाब होतात, किंवा मे महिन्याचं ऊन लागतं, किंवा एक नवी गोळी सुरू होते, आणि ते एकदम कोलमडतात. धक्का लहान असतो, पण तो सोसायला मागे काही उरलेलं नसतं.

औषध हाही शरीराला दिलेला एक धक्काच आहे. हवाहवासा असला तरी धक्काच.

तोंडात टाकलेली गोळी पोटातून रक्तात जाते, रक्तातून शरीरभर पसरते, बहुतांशी यकृतात तिची मोडतोड होते आणि शेवटी मूत्रपिंडांवाटे ती बाहेर पडते. यातला पहिला टप्पा वयानं फारसा बदलत नाही. वेळ जरा जास्त लागतो, पण बहुतेक औषधं पूर्वीइतकीच रक्तात पोचतात. "म्हातारपणी औषध अंगी लागत नाही" ही समजूत चुकीची आहे. एक काळजी मात्र घ्यायला हवी. तोंड कोरडं पडलेलं असतं, गिळणं मंदावलेलं असतं, आणि घोटभर पाण्यासोबत घेतलेली गोळी अन्ननलिकेतच चिकटून तिथं जखम करू शकते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं सांगतात ते यासाठी.

आमटी तेवढीच, पाणी कमी

दुसऱ्या टप्प्यात खरी गंमत सुरू होते. तरुण पुरुषाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो; म्हातारपणी तो ५० टक्क्यांच्या आसपास येतो. स्नायू आटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्यावर आकडा तोच दिसला तरी आतला ऐवज बदललेला असतो.

पाण्यात विरघळणारी औषधं घ्या. आमटीत पाणी कमी आणि मीठ नेहमीइतकंच टाकलं तर काय होतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत आहे. हृदयासाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन आणि मनाच्या आजारात दिलं जाणारं लिथियम यांचं तसंच होतं. तोच डोस रक्तात जास्त खारट, म्हणजे जास्त तीव्र पडतो. या दोन्ही औषधांत उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांतलं अंतर फार थोडं आहे, म्हणून ही गोष्ट गंभीर.

चरबीत विरघळणाऱ्या औषधांची तऱ्हा उलटी. ती चरबीत जाऊन दडून बसतात आणि सावकाश बाहेर येतात. झोपेसाठी आणि घबराटीसाठी वापरलं जाणारं डायझेपाम हे याचं ठळक उदाहरण. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. विशीतल्या माणसात डायझेपामचं अर्धायुष्य साधारण २० तास असतं. ऐंशीच्या घरात ते ८० ते ९० तासांवर जातं. म्हणजे सोमवारी रात्री घेतलेली गोळी शुक्रवारी सकाळी अजून जवळजवळ निम्मी शिल्लक, आणि मधल्या प्रत्येक रात्री तिच्यावर नव्या गोळीची भर.

याचा एक परिणाम कुटुंबांच्या लक्षात येत नाही. असं रोजचं औषध शरीरात साठत साठत आपल्या कमाल पातळीला पोचायला चार-पाच अर्धायुष्यं लागतात. तरुणाला चार दिवस. ऐंशीच्या आजींना अडीच आठवडे. आजी पेंगायला लागतात, पाय ओढून चालतात, बोलताना शब्द अडखळतात, ते गोळी सुरू केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. तोवर गोळी जुनी झालेली असते आणि संशय हवापाण्यावर किंवा वयावर जातो. नवी गोळी सुरू झाली की कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आत्याच्या अल्प्राझोलामचं अर्धायुष्य इतकं लांबत नाही. तरुणांत ते साधारण ११ तास, म्हाताऱ्यांत १६ च्या आसपास. पण रात्री नऊला घेतलेली गोळी पहाटे पाचलाही चांगलीच शिल्लक असायला तेवढं पुरतं.

यकृताबद्दल थोडक्यात. वयाबरोबर त्याचा आकार आणि त्यातून वाहणारं रक्त, दोन्ही कमी होतात. २० ते ४० टक्क्यांपर्यंत. गोळी पोटातून निघाली की आधी यकृतातून जाते, आणि प्रोप्रानोलॉल किंवा मॉर्फिनसारख्या औषधांचा मोठा हिस्सा तिथंच कापला जातो. म्हातारपणी ही कापणी कमी होते आणि जास्त औषध पुढे सुटतं. रक्ततपासणीतलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे यकृत पूर्वीच्याच वेगानं काम करतंय, असा त्याचा अर्थ नाही. त्या तपासणीतून यकृताला इजा झाली आहे का हे कळतं, त्याचा कामाचा वेग कळत नाही.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग काळजी कसली?

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते मूत्रपिंडांबद्दल, कारण इथं चांगले शिकलेले लोकही फसतात.

प्रत्येक मूत्रपिंडात जन्मतः साधारण दहा लाख गाळण्या असतात. वयाबरोबर त्या एकेक करून बंद पडतात आणि नव्या तयार होत नाहीत. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग सरासरी दर वर्षाला मिनिटामागे एक मिलिलिटरच्या आसपास घटतो. सगळ्यांचा सारखा घटत नाही, काहींचा जवळपास टिकूनही राहतो, पण बहुतेकांचा घटतो.

आता रिपोर्ट बघू या. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. रक्तात तो साठला तर मूत्रपिंड मंदावलं असं समजायचं. पण म्हातारपणी स्नायूच आटलेले असतात, त्यामुळे कचराच कमी तयार होतो. झाडणारा थकलाय आणि कचराही कमी पडतोय, म्हणून अंगण स्वच्छ दिसतं.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये यासाठी एक साधं सूत्र दिलं, आणि औषधांचे डोस ठरवायला ते आजही वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोमधल्या वजनानं गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं; बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ नं गुणायचं. आत्याचं वय ७९, वजन ४६ किलो, क्रिएटिनिन ०.९. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं वय २५, वजन ५५ किलो धरू, आणि तिचंही क्रिएटिनिन ०.९ च. दोघींच्या रिपोर्टवर "नॉर्मल" असंच छापून येणार. सूत्रात घातलं तर मुलीचा वेग येतो मिनिटाला ८३ मिलिलिटर आणि आत्याचा ३७. निम्म्याहून कमी. मूत्रपिंडाचा कुठलाही आजार नाही, फक्त वय आणि आटलेले स्नायू.

जे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर जातं ते आत्याच्या अंगात दुप्पट काळ रेंगाळणार, हे आता वेगळं सांगायला नको. अशी औषधं बरीच आहेत. हातापायांची आग, मुंग्या यांसाठी आपल्याकडे सर्रास लिहिलं जाणारं प्रिगॅबलिन, ज्याला लोक नसांची गोळी म्हणतात, ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडांतूनच जातं. गाबापेंटिनही तसंच. वेग ६० च्या खाली आला की यांचा डोस कमी करायचा असतो. तो केला नाही तर आजी दिवसभर गुंगीत, पाय सुजलेले, चालताना झोकांड्या. मधुमेहाचं मेटफॉर्मिन ३० च्या खाली बंदच करावं लागतं. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स, रक्त पातळ ठेवणारं डाबिगाट्रान, वर आलेलं डिगॉक्सिन, सगळ्यांचा हिशोब या एका आकड्यावर. आता बऱ्याच प्रयोगशाळा क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर नावाचा आकडा छापतात. तो वेगळ्या सूत्रानं काढतात, पण सांगतो हीच गोष्ट. रिपोर्ट हातात आला की क्रिएटिनिनवर न थांबता तो आकडा बघा, आणि नसेल तर डॉक्टरांना वयावजनासकट काढायला सांगा.

याच मूत्रपिंडांवर तीन बाजूंनी घाला पडतो त्याबद्दल सांगते, कारण तो आपल्या घरांत फार सहज घडतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही एकाच गोळीत, ही आज हजारो घरांतली रोजची गोळी आहे. चांगली गोळी आहे. त्यात गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकची पट्टी येते. मूत्रपिंडातल्या गाळणीला टाकीचा नळ समजा. लघवीचं औषध टाकीतलं पाणी कमी करतं. दुखणं थांबवणारी गोळी गाळणीत येणारी रक्तवाहिनी आवळते. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल सोडतं. आत येणारं कमी, बाहेर जाणारं मोकळं. दाब उरतच नाही आणि गाळण्याचं काम थांबतं. तरुण शरीर हे सावरून घेतं. पंच्याहत्तरीतलं शरीर आठवडाभरात हात टेकू शकतं, त्यातून उन्हाळा असेल किंवा जुलाब होत असतील तर दोन-तीन दिवसांतच. म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी गुडघेदुखीला आधी पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम. आणि बाकीच्या वेदनाशामक गोळ्या फक्त डॉक्टरांना विचारून, मोजक्या दिवसांसाठी. उलट्या-जुलाब झाले तर यातल्या कुठल्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हे आधीच विचारून घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवावं.

१९८० मध्ये ब्रिटनमध्ये सांधेदुखीवर बेनॉक्साप्रोफेन नावाचं औषध मोठ्या जाहिरातीनं बाजारात आलं. सांधेदुखी कुणाला असते? वृद्धांना. त्यांनाही नेहमीचाच डोस दिला गेला. त्यांच्या शरीरातून ते तरुणांपेक्षा फारच सावकाश जात होतं. साठत गेलं, यकृतं आणि मूत्रपिंडं निकामी झाली, अनेक म्हाताऱ्या माणसांचे जीव गेले आणि १९८२ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. वृद्धांत औषध कसं वागतं हे वेगळं तपासायला हवं, ही जाणीव या प्रकरणानं धारदार केली. तरीही नव्या औषधांच्या चाचण्यांत ऐंशीपुढची, चार आजार असलेली माणसं आजही थोडीच असतात, आणि तीच माणसं नंतर ते औषध सर्वांत जास्त घेतात.

मेंदू, रक्तदाब आणि तहान

आतापर्यंत सांगितलं ते शरीर औषधाचं काय करतं याबद्दल. औषध शरीराचं काय करतं, तेही बदलतं. रक्तात अगदी तेवढंच औषध असलं तरी म्हातारा मेंदू त्याला जास्त प्रतिसाद देतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे रोज दिसतं: चाळिशीनंतर हुंगवण्याच्या भुलीच्या औषधाची गरज दर दहा वर्षांनी साधारण ६ टक्क्यांनी घटत जाते. झोपेच्या गोळ्यांचं आणि अफूवर्गातल्या वेदनाशामकांचंही तसंच. आत्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या. गोळी जास्त वेळ अंगात राहिली, आणि जेवढी राहिली तेवढीही तिच्या मेंदूला जड झाली.

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या असतो; स्मरणशक्ती आणि लक्ष यांचं बरंच काम तो करतो. म्हातारपणी त्याचा साठा मुळातच कमी झालेला असतो, आणि कितीतरी साधी औषधं त्याला अडवतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन, पोटातल्या मुरड्यासाठीचं डायसायक्लोमिन, झोप आणि दुखणं दोन्हीसाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी आवरत नाही म्हणून दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन. एकेकटं कदाचित चालून जाईल. दोन-तीन एकत्र आली की तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतं, नजर धूसर होते, आणि माणूस घरातल्यांना ओळखेनासा होतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी सर्दीची गोळी घेतली आणि रात्रीत लघवी पूर्ण अडकली, ही अपघात विभागातली नेहमीची कहाणी आहे. आदल्या आठवड्यापर्यंत ठीक असलेला माणूस अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागला तर ते वय नव्हे. वयानं येणारा विसरभोळेपणा वर्षांनी येतो, दिवसांत येत नाही. तेव्हा जंतुसंसर्ग आणि नवी गोळी, हे दोन संशयित आधी धरावेत.

दुसरं, उठून उभं राहणं. उभं राहताच अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं, ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात आणि मेंदूला रक्त कमी पडत नाही. वयाबरोबर वाहिन्या कडक होतात आणि ही यंत्रणा सुस्तावते. त्यावर रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन, झोपेची गोळी असं सगळं एकदम. बसून मोजलेला रक्तदाब छान १३० असतो आणि उभं राहिल्यावर तो १०५ वर येतो. म्हणून ज्येष्ठांचा रक्तदाब बसून मोजल्यावर उभं राहूनही, एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी, मोजायला हवा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर डॉक्टरांना सांगावं. पहाटे उठताना खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावं, पाय हलवावेत, मग उठावं.

तिसरं, तहान. म्हातारपणी शरीराला पाणी कमी पडलं तरी तहानेचा निरोप उशिरा येतो आणि मूत्रपिंडंही पाणी धरून ठेवण्यात कमी पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात, किंवा आषाढी वारीत मैलोगणती चालणाऱ्या सत्तरीच्या वारकऱ्याला, लघवीची गोळी चालू असेल तर हे जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या टोकाला सोडियम उतरणं आहे. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही रक्तदाबाची औषधं आणि एस्सिटालोप्रामसारखी उदासीवरची औषधं वृद्धांत रक्तातलं सोडियम खाली आणतात. मळमळ, सुस्ती, बरळणं, तोल जाणं. घरचे पक्षाघात समजून धावतात आणि साध्या रक्ततपासणीत सोडियम ११८ निघतं.

साखरेचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या उपवासांशी त्याचा थेट संबंध आहे. ग्लिमेपिराइड आणि विशेषतः ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत. इन्सुलिन सोडायला लावतात. एकादशीला दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री फक्त ताक, पण गोळी नेहमीसारखी. साखर उतरल्यावर तरुणाला घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. तो पटकन काहीतरी खातो. म्हाताऱ्या शरीरात या खुणा पुसट होतात, आणि मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर धडधड आणखी झाकली जाते. मग साखर उतरल्याचं कळतं ते थेट गोंधळण्यातून किंवा बेशुद्धीतून. उपवासाच्या दिवशी कुठली गोळी गाळायची हे आधी विचारून ठेवावं. अशक्त, बहुआजारी ज्येष्ठांमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८ च्या आत असला तरी चालतो, असं आता मधुमेहतज्ज्ञही मानतात; सहाच्या घरात आणायचा हट्ट त्यांना धोक्याचा असतो.

सगळं वाढतंच असंही नाही. हृदयाच्या पेशी ॲड्रिनलिनला पूर्वीइतक्या जोरात प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे त्या वाटेनं काम करणाऱ्या काही औषधांचा परिणाम उलट कमी होतो. दर औषधाचं गणित वेगळं.

गोळीमागून गोळी

आत्या दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्या घरचा डबा उघडला. नऊ गोळ्या. एकेकीची कुळकथा काढली. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन होतं. ॲम्लोडिपिननं अनेकांच्या घोट्यांना सूज येते, तशी तिला आली. सूज पाहून दुसरीकडे लघवीची गोळी मिळाली. त्यामुळे रात्री चार-चारदा उठणं आलं आणि उठल्यावर चक्कर. चक्कर येते म्हणून तिसरीकडे सिनारिझिन मिळालं. सिनारिझिन महिनोन्‌महिने घेतलं की वृद्धांत हातपाय कडक होणं, कंप, पाय ओढणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. गेल्या दिवाळीत तिची चाल बदलल्याचं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि "वय झालं" म्हटलं होतं. कंपवाताची गोळी सुरू व्हायची तेवढी राहिली होती.

पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या साखळीकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं. औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध येतं. कुणीही डॉक्टर यात वाईट वागलेला नसतो. प्रत्येकानं आपल्यासमोरचं लक्षण पाहिलेलं असतं, पूर्ण डबा कुणी पाहिलेला नसतो. हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, साखरेचे वेगळे, आणि ताप आला की गल्लीतले. त्यात आपल्याकडे एकाच औषधाची डझनावारी ब्रँडनावं. आत्याच्या डब्यात पित्ताची म्हणून पँटोप्राझोल दोन नावांनी होतं आणि ती दोन्ही घेत होती. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असणं तर नेहमीचंच.

अमेरिकेतले वृद्धतज्ज्ञ मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. आता अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी ती वेळोवेळी सुधारते. २०२३ मध्ये ती नव्यानं आली. झोपेच्या डायझेपाम-अल्प्राझोलामपासून ग्लिबेनक्लामाइड आणि क्लोरफेनिरामिनपर्यंत बरीच ओळखीची नावं तिच्यात आहेत. ती बंदीची यादी नाही. "हे लिहिताना दोनदा विचार करा" अशी आहे, आणि ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात टेबलावर असावी असं मला मनापासून वाटतं.

"मग सगळंच बंद करू" असं मात्र कृपा करून कुणी करू नये. ऐंशीपुढच्या ३,८४५ लोकांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रक्तदाबाचं इंडापामाइड, गरज पडल्यास सोबत पेरिंडोप्रिल; निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. रक्तदाब १५०/८० पर्यंत आणणाऱ्या औषधानं मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. ऐंशीव्या वर्षीही रक्तदाबाचा उपचार फळतो. "आता या वयात कशाला औषध" म्हणणारे नातेवाईक मला भेटतात, त्यांना मी हा आकडा सांगते. उलट बाजूला, कधीच हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेल्या, बहुतेक सत्तरीपुढच्या १९ हजारांहून जास्त माणसांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत ॲस्पिरिनचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये निकाल आला: धडधाकट आयुष्य वाढलं नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना स्टेंट बसवलाय किंवा झटका येऊन गेलाय त्यांची ॲस्पिरिन ही वेगळी गोष्ट, ती सोडायची नाही. पण शेजाऱ्यांचं बघून "रक्त पातळ राहावं" म्हणून सुरू केलेली ॲस्पिरिन सत्तरीत नकोच.

शिवाय काही गोळ्या एकदम थांबवणं हीच मोठी इजा असते. मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन, स्टिरॉइड, फिटची औषधं, उदासीची औषधं, आणि हो, झोपेच्या गोळ्या. पंचवीस वर्षं घेतलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद केली तर फिट येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चिमटीचिमटीनं कमी करायची असते. नवी गोळी वृद्धांना देताना थोड्या डोसनं सुरू करून सावकाश वाढवतात, त्याचीच ही परतीची वाट.

डॉक्टरांकडे जाताना फक्त चिठ्ठ्या नेऊ नका, सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. लोक पिशवी भरतात तेव्हा काही गोष्टींना औषधच समजत नाहीत. डोळ्यांत घालायचं टिमोलॉल थेंब-थेंब रक्तात उतरतं, ठोके मंद करतं आणि दम्याच्या माणसाला दम लावू शकतं. घशासाठी रोज घेतलेला ज्येष्ठमधाचा काढा रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. "कमी सोडियमचं" म्हणून आणलेल्या मिठात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या अंगात पोटॅशियम आधीच वरच्या बाजूला असतं. हे सगळं पिशवीत हवं. आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: "यातली कुठली गोळी आता कशासाठी आहे, आणि कुठल्या गोळीची गरज संपलीय?"

आत्याची पिशवी आमच्या डॉक्टरांनी टेबलावर ओतून जवळजवळ पाऊण तास पाहिली. ॲम्लोडिपिनऐवजी दुसरं औषध आलं, घोट्यांची सूज उतरली, त्यामुळे लघवीची गोळी गेली, पाठोपाठ सिनारिझिन गेलं. एक पँटोप्राझोल गेलं, नंतर दुसरंही. झोपेची गोळी सुटायला सहा महिने लागले; मधे दोनदा तिनं मला रात्री दोनला फोन करून रडून सांगितलं की झोप येत नाही, आणि आम्ही तासभर तिच्या माहेरच्या गोष्टी बोलत बसलो. आता डब्यात चार गोळ्या आहेत. चाल पूर्वीसारखी झालेली नाही, काठी लागते, पण पाय ओढत नाही. मोरीचा उंबरा आम्ही फोडून टाकला.